गिझर नेमका कधी वाजतो?

गिझर घुरघुरायला लागला की घरात पहिला प्रश्न येतो, 'हा फुटणार तर नाही ना?' बहुतेक वेळा नाही. पण इलेक्ट्रिशियनला फोनवर नुसतं "आवाज येतोय" सांगून त्याला काही कळत नाही. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे सांगणं जास्त कामाचं. पाणी तापताना, लाल दिवा गेल्यावर, की नळ सोडल्यावर? मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलात तर उत्तमच.

तापतानाची घुरघुर किंवा फटफट पुण्यात नेहमीची, आणि तिच्यामागे बहुधा क्षार असतात. खडकवासल्याच्या धरणसाखळीचं पाणी त्या मानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत मात्र कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

हे पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलटं. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त उष्णता तिथेच, म्हणजे कॉइलवरच, पांढरट-पिवळट थर चढत जातो. थराच्या बारीक छिद्रांत पाणी अडकतं, आतल्या आत उकळतं आणि वाफेचा बुडबुडा बाहेर पडतो. बाहेरचं पाणी तुलनेने थंड, म्हणून तो तिथेच मिटतो, आणि मिटताना आवाज करतो. चहाचं आधण उकळी फुटायच्या आधी गुणगुणतं, ते याच कारणाने. आधण उकळलं की आवाज बदलतो. गिझरमधलं पाणी ६०-७० अंशांवर थांबतं, त्यामुळे त्याची घुरघुर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) 'टक' करेपर्यंत चालू राहते.

यात मजल्याचाही हात असतो. गच्चीवरची टाकी गिझरच्या वर २० मीटर असेल, तर त्या दाबाखाली पाणी १३० अंशांच्या आसपास उकळतं. अगदी वरच्या मजल्यावर ते शंभरच्या थोडं वरच उकळतं. म्हणजे तेवढाच थर असला, तरी वरच्या मजल्यावरचा गिझर आधी बोलायला लागू शकतो.

क्षारांमुळे विजेचं बिल भरमसाट वाढतं, असं हमखास ऐकवलं जातं. इलेक्ट्रिक गिझरच्या बाबतीत मला ते पटत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते. २००० वॉटची उष्णता थरातून का होईना, शेवटी पाण्यातच जाते. गॅसच्या गिझरमध्ये मात्र बरीच उष्णता धुरावाटे निसटते. खरा तोटा कॉइलचा: ती थराखाली जास्त तापते आणि लवकर जळते. काढलेल्या कॉइलवरच्या खपलीवर लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर कार्बोनेट आहे, आणि साफ करायलाही असंच सौम्य आम्ल लागतं.

दिवा गेल्यावर येणारी टकटक सहसा निरुपद्रवी. गरम झालेली टाकी आणि पाइप निवताना आकसतात. सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठीच्या प्लॅस्टिकचा) ३ मीटरचा पाइप ४० अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर लांबतो आणि निवताना तेवढाच आकसतो; भिंतीत क्लॅम्पने आवळलेला असेल तर अडत, सुटत सरकतो आणि वाजतो.

नळ झटकन बंद केल्यावर 'धाड्' होतं, ते गिझरचं नव्हेच. धावतं पाणी अचानक अडलं की दाबाचा धक्का पाइपभर फिरतो. प्रेशर पंप असलेल्या घरांत हे जास्त होतं.

सूं सूं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब? १५ लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरने फुगतं. वर टाकीकडे परतायला वाट नसेल, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल, तर ते थेंब थेंब बाहेर येणारच. व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणारे प्लंबर आहेत. तसं कधीही करू देऊ नका.

गिझर वापरणं थांबवायचं ते दोनच ठिकाणी. तडतड आवाज आणि जळका वास आला, म्हणजे वायरचं टोक सैल झालंय. २००० वॉटच्या गिझरला जवळपास ९ अँपिअर लागतात, तेवढ्यात सैल जोड लाल होतो. आणि दिवा जातच नाही, आत खदखद ऐकू येते, नळातून वाफ येते, म्हणजे थर्मोस्टॅट गेला. दोन्ही वेळा गिझरला हात न लावता बोर्डावरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, पाणी निवू द्या आणि मगच माणूस बोलवा. तो कॉइल काढेल तेव्हा मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. टाकीच्या जागी तो स्वतः गंजतो. नुसती तार उरली असेल तर बदला.