डोंगरावर हवेचं सॅम्पलिंग करायचंय? मशीन न्यायच्या आधी हे वाचा

पुण्या-मुंबईतच काम असेल तर हे पत्रक बाजूला ठेवलंत तरी चालेल. पण आमचा भाड्याचा सॅम्पलर (हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर पकडणारं मशीन) महाबळेश्वर, मनाली, लेह असल्या ठिकाणी जाणार असेल तर पाच मिनिटं काढा, कारण खालचं सेटिंग वर जसंच्या तसं चालत नाही.

मुख्य भानगड फ्लोची, म्हणजे मिनिटाला किती हवा ओढली जाते त्याची. पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचा) सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला १ घनमीटर. हा आकडा उगाच नाहीये, हवा त्याच वेगाने आत गेली तरच अडीच मायक्रॉनपेक्षा मोठी धूळ इम्पॅक्टरवर, म्हणजे फिल्टरआधीच्या अडथळ्यावर, अडकते आणि बारीक धूळ फिल्टरपर्यंत पोचते. आता समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल, महाबळेश्वरला साधारण ८६० आणि लेहला, म्हणजे ३५०० मीटरवर, ६५० च्या आसपास. काही मशीनमधला मास फ्लो कंट्रोलर (फ्लो सांभाळणारा भाग) 'स्टँडर्ड लिटर', म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाला धरून लिटर मोजतो, त्यामुळे लेहच्या विरळ हवेत तो खरे २४-२५ लिटर ओढत बसतो आणि स्क्रीनवर मात्र १६.६७ च दिसतं! वेग वाढला की कटऑफ, म्हणजे धूळ अडवायची मर्यादा, अडीचवरून दोन मायक्रॉनकडे घसरतो, मग रिपोर्टवर पीएम २.५ लिहायला काही अर्थ उरत नाही. सेटिंग 'ॲक्च्युअल' वर (तिथल्या दाबाला खरे लिटर) ठेवा आणि फ्लो साइटवर पोचल्यावर पुन्हा तपासा. रोटामीटर (नळीतल्या तरंगत्या गोळीवरून फ्लो दाखवणारं साधन) वापरत असाल तर दाबाचं करेक्शन लावल्याशिवाय त्याचा आकडा वहीत लिहू नका.

वीज नाही तिथे ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइडसाठी पॅसिव्ह ट्यूब बऱ्या पडतात, पंपच नाही, वायू आपोआप आत पसरतो आणि मग लॅब तो मोजते. इथे गंमत अशी की दाब कमी झाला की वायू ट्यूबमध्ये जास्त वेगाने पसरतो पण घनमीटरमागे वायूही तेवढाच कमी असतो, दोन्ही एकमेकांना जवळपास कापतात. म्हणून रिझल्ट पीपीबीमध्ये (हवेच्या अब्ज भागांत वायूचे किती भाग) मागा, तापमान तेवढं लॅबला कळवा. लॅबने सपाटीचाच अपटेक रेट (ट्यूब वायू घेते तो वेग) धरून मायक्रोग्रॅम काढले तर ते आकडे तुमच्या उंचीचे नसतात हे लक्षात ठेवा. ट्यूबवर वारा न लागेल असं झाकण हवंच, नाहीतर आकडा फुगतो.

ट्यूबला दिवस-रात्र कळत नाही, ही तिची मोठी उणीव. डोंगरात ऊन चढलं की दरीतली हवा उताराने वर येते आणि येताना खालचा धूर, गाड्यांचं प्रदूषण सगळं घेऊन येते, रात्री वारा उलटतो आणि वरची स्वच्छ हवा खाली उतरते. सॅम्पलरलाही २४ तासांचा एकच फिल्टर लावला की दोन्हींची खिचडी होते, आमच्या मते दिवसाचा आणि रात्रीचा फिल्टर वेगळाच लावावा, फिल्टरचा खर्च वाढला तरी.

पावसाळ्यात महाबळेश्वरला ढगच जमिनीला टेकतात, पुण्याच्या आयआयटीएमने (हवामान संशोधन संस्थेने) ढगांच्या अभ्यासाची लॅब २०१२ मध्ये तिथे काढली ती काय उगाच नाही. आपल्यासाठी मात्र ते त्रासाचं, थेंब आत जाऊन फिल्टर ओला होतो आणि पंपावर लोड येतो. इनलेट हीटर (हवा आत येते तिथे ती तापवणारा) लावता येतो पण त्याने धुळीतलं अमोनियम नायट्रेट उडून जातं, म्हणजे केमिकल ॲनालिसिस करायचा असेल तर हीटर जपूनच. ढगाचंच पाणी तपासायचं असेल तर टेफ्लॉनच्या दोऱ्यांवर थेंब पकडणारा कलेक्टर लागतो, तो वेगळा सांगा.

जनरेटर नको, निदान सॅम्पलरच्या जवळपास तरी नकोच, त्याचाच धूर मोजत बसाल. सोलर आणि बॅटरी बरी, फक्त लिथियम बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका, खराब होते.

धुळीच्या वजनासाठी पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर, धुळीतल्या कार्बनसाठी भट्टीत तापवून घेतलेला क्वार्ट्झ. दोन्हींसोबत फील्ड ब्लँक न्या, म्हणजे मशीनमध्ये बसवून, पंप न लावताच काढलेला फिल्टर. प्रवासातली धूळ त्यावरून कळते, आणि घाटातल्या प्रवासात ती बसतेच.

बुकिंग करताना साइटची उंची, महिना आणि लाइटची सोय सांगा. विरळ हवेत पंपाची ताकद कमी पडते आणि मोटरही नीट गार होत नाही, त्यामुळे ३००० मीटरच्या वर आम्ही मोठा पंपच देतो, त्याचं भाडं थोडं जास्त आहे.