मिठाच्या पाण्याने चामड्याचा रंग पक्का होत नाही

इंदुरात घरी पट्टा किंवा पाकीट शिवून रंगवणाऱ्या आपल्या मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो: मीठ-व्हिनेगरच्या पाण्यातून काढा, रंग सुटणार नाही. हा उपाय कापडाचा आहे. मिठामुळे सुती धागा रंग जास्त ओढतो. व्हिनेगर गरम पाण्यात लोकर-रेशमाला उपयोगी पडतं. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याला आपण स्पिरिटचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेला) रंग थंडच लावतो. स्पिरिट उडालं की रंगाची जास्तीची पूड वरच राहते. पांढऱ्या सदऱ्यावर कमरेशी उमटणारा तपकिरी डाग तिचाच. मीठ तिला धरत नाही. उलट वाळल्यावर टाक्यांपाशी मिठाचा पांढरा थर फुटतो. गरम पाणी तर मुळीच नको, चामडं आखडून लाकडासारखं होतं.

खरं काम घासण्याचं. रंग दिवसभर वाळू द्या, मग जुन्या धोतराच्या तुकड्याने फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासा. गडद निळ्या पट्ट्याला मला पाच तुकडे लागले! त्यानंतर तेलाचा हलका हात, आणि ते मुरल्यावर अ‍ॅक्रिलिक फिनिशचे (रंगावर संरक्षक पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचे) दोन पातळ थर. जाड थर देऊ नका, वाकवताना तडकतो.