रेशनकार्डात सुनेचं आणि बाळाचं नाव लावायचंय? आधी एवढं बघून घ्या

आमच्या भावाच्या घरी बाळ दीड वर्षाचं झालं तरी रेशनकार्डावर ना त्याचं नाव ना वहिनीचं, उद्या जाऊ परवा जाऊ असंच चाललेलं. दुकानातल्या मशीनमधून पावती निघायची त्यावर सदस्य 3, धान्य 15 किलो, आणि घरात जेवणारी माणसं 5. वहिनीच्या वाटचं निदान माहेरी तरी उतरत होतं, बाळाचं मात्र कुठेच नाही. महिन्याला 5 किलो धरले तर 18 महिन्यांचे 90 किलो गेले, आणि मागचं धान्य नंतर कोणी देत नाही. खूप वाईट वाटलं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, खूप जणांचा इथेच घोळ होतो. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच असं नाही. कार्डाचा रंग वेगळा आणि अन्नसुरक्षा योजनेत नाव असणं वेगळं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्यात दोन गट, अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. अंत्योदयला अख्ख्या कार्डाला महिन्याला 35 किलो, घरात 2 माणसं असोत नाहीतर 7. प्राधान्यला माणशी 5 किलो, तान्हं बाळ असलं तरी पूर्ण 5, अर्धं तिकीट वगैरे काही नाही. म्हणजे प्राधान्यच्या कार्डात एक नाव राहिलं की 5 किलो राहिले, सरळ हिशोब आहे. आधी तांदूळ 3 रुपये गहू 2 रुपये होता, जानेवारी 2023 पासून फुकट आहे.

प्राधान्यमध्ये बसायला वर्षाचं उत्पन्न गावात 44 हजारापर्यंत आणि शहरात 59 हजारापर्यंत लागतं. हा आकडा आजच्या मजुरीच्या मानाने फारच कमी आहे, तो वाढायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय इष्टांक नावाचा प्रकार असतो, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं ते आधीच ठरलेलं, त्यामुळे तुम्ही बसत असलात तरी जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून अर्ज लवकर टाका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता सुनेचं नाव. आधी माहेरच्या कार्डातून कमी करायचं, त्याला नमुना 9 चा फॉर्म, आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घ्यायचा. मग सासरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत (मुंबई ठाण्याकडे असाल तर शिधावाटप कार्यालयात) नमुना 8 भरायचा. त्याला मूळ रेशनकार्ड, तो दाखला, आधार आणि लग्नाचं प्रमाणपत्र जोडा. वहिनीचं इथेच अडकलं होतं, माहेरचं नाव कमी न करता इकडे अर्ज टाकला, आणि एक आधार दोन कार्डांवर चालत नाही म्हणून तो परत आला. ऑफिसात कोणी कारणसुद्धा धड सांगितलं नाही, तीन चकरा मारल्यावर कळलं.

बाळाचं त्यामानाने सोपं. नमुना 8 च, सोबत जन्मदाखला आणि बाळाचं आधार. आधार आधी काढून ठेवा, पाच वर्षांखालच्या पोरांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, आईच्या किंवा वडिलांच्या आधारवर होऊन जातं. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते घरीच बघा. पोरगं पाच वर्षांचं झालं की आधारला ठसे अपडेट करायचे आणि मग रेशन दुकानात जाऊन त्याचं ई-केवायसी (म्हणजे मशीनवर अंगठा देऊन आधारची पडताळणी) करायचं. मोठ्यांचंही प्रत्येकाचं वेगळं ई-केवायसी लागतं, एकाने अंगठा दिला म्हणजे घराचं झालं असं समजू नका.

नाव लावायचे-कमी करायचे हे सगळे अर्ज आरसीएमएस पोर्टलवर (रेशनकार्डाची सरकारी वेबसाइट) पब्लिक लॉगिन करून मोबाईलवरूनही भरता येतात, नाही जमलं तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात जा. कार्डाचा 12 अंकी ऑनलाईन नंबर मात्र लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

अजून एक, ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्यांसाठी. गाव सोडलं म्हणून धान्य सोडू नका. आधार जोडलेलं असेल तर बीडचं कार्ड कोल्हापुरातल्या दुकानात चालतं, परराज्यातही चालतं, महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये तर 2019 सालीच सुरू झालं. थोडं धान्य कामाच्या ठिकाणी आणि उरलेलं गावी म्हाताऱ्या आईवडिलांनी उचललं तरी चालतं. त्यासाठी नवीन कार्ड काढायला लागत नाही, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नाव चढलं की पुढच्या महिन्याची पावती मागून घ्या आणि सदस्यसंख्या वाचा. भावाच्या पावतीवर आता 5 सदस्य 25 किलो येतं. तुमच्या पावतीवर एक आकडा आणि पिशवीत दुसरा असेल तर 1967 ला फोन लावा, आणि तक्रारीचा नंबर त्याच पावतीच्या मागे लिहून ठेवा.