पुण्याचा तह (१८१७)

पुण्याचा तह : दुसरे बाजीराव पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १३ जून १८१७ रोजी झालेला करार. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हार खाल्ल्यावर बाजीरावांनी वसईचा तह (३१ डिसेंबर १८०२) करून कंपनीची तैनाती फौज आपणहून मागितली होती. तिच्या खर्चापोटी सालिना २६ लाख उत्पन्नाचा मुलूख दिला. पुण्याचा तह मात्र शहराभोवती फौज उभी करून लादलेला आहे.

दबावाची सुरुवात त्याआधीच झाली होती. १८११ मध्ये रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुढच्याच वर्षी पंढरपूरला पेशवे आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात समझोता घडवला. जहागीरदारांनी बळकावलेला मुलूख परत करावा व फौजेनिशी चाकरी करावी, पेशव्यांनी जुने दावे उकरू नयेत, आणि हे पाळले जाईल याची हमी कंपनीची. वरवर पाहता यात पेशव्यांचाच फायदा होता. पण धनी आणि सरदार यांच्यामध्ये रेसिडेंट कायमचा येऊन बसला, आणि पटवर्धनांसारखी घराणी संरक्षणासाठी शनिवारवाड्याऐवजी संगमावरच्या रेसिडेन्सीकडे पाहू लागली.

पुढचे निमित्त बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचे. गायकवाडांकडील थकबाकी आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा (वसुलीच्या मक्त्याचा) प्रश्न सोडवण्यासाठी ते कंपनीच्या हमीवर पुण्यात आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर होता. त्यांना कंपनीच्या हवाली करावे लागले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते ठाण्याच्या तुरुंगातून निसटले. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्याला फौजेचा वेढा दिला आणि मागणी टाकली : महिन्याभरात त्रिंबकजी हजर करा, तोवर सिंहगड, पुरंदर व रायगड ओलीस द्या. बाजीरावांनी किल्ले दिले.

पेशव्यांच्या बाजूने मोर दीक्षित व बाळाजी लक्ष्मण यांनी ज्या कलमांवर वाटाघाट केली, त्यांत खुनाचा दोष त्रिंबकजींवर मान्य करणे हे सर्वांत गाजले, पण सर्वांत हलके होते. खरी पकड दोन कलमांत आहे. पेशव्यांनी दुसऱ्या दरबारांत वकील ठेवू नयेत, सगळा व्यवहार रेसिडेंटमार्फत करावा, हे पहिले. शिंदे, होळकर, भोसले यांच्याशी थेट बोलणेच बंद झाल्यावर मराठा राज्यमंडळाचे प्रमुखपण सोडल्याचे वेगळे लिहून घ्यायची फारशी गरज उरत नव्हती. तेही लिहून घेतलेच. दुसरे कलम फौजेचे. युद्धप्रसंगी ५,००० स्वार व ३,००० पायदळ पुरवण्याच्या पेशव्यांच्या बांधिलकीच्या बदल्यात ३४ लाखांचा मुलूख कंपनीकडे गेला. म्हणजे मदतीला येणारी फौज यापुढे पेशव्यांच्या पैशावर, पण कंपनीच्या हुकमात. शिवाय अहमदनगरचा किल्ला गेला, गायकवाडांवरील जुन्या मागण्या सालिना ४ लाखांवर मिटवल्या गेल्या, आणि रास्त्यांची जप्त जहागीर परत करण्याचे ठरले.

तह टिकला पाच महिनेही नाही, आणि त्याला बाजीरावांच्या रागाइतकाच कंपनीचा दुतोंडी कारभार कारणीभूत होता. ऑगस्टमध्ये माहुलीच्या भेटीत कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याला बाजीराव एकनिष्ठ वाटले. पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी फौज उभारायला त्याने उत्तेजन दिले, ओलीस ठेवलेले तिन्ही किल्लेही परत मिळाले. एल्फिन्स्टनचा यावर विश्वास नव्हता. जी फौज तहाने मोडायची, तीच माल्कमच्या संमतीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जमवत होते. धोका ओळखून एल्फिन्स्टनने १ नोव्हेंबरला पुण्यातल्या गारपीर छावणीतली पलटणे खडकीला हलवली. ५ नोव्हेंबरला रेसिडेन्सी जळाली आणि त्याच दुपारी खडकीची लढाई झाली. मोर दीक्षित तिथेच पडले. १७ नोव्हेंबरला पुणे कंपनीच्या ताब्यात गेले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमलाच शरण गेले आणि सालिना ८ लाखांच्या तनख्यावर बिठूरला राहिले.