पाचकळ, निखळ आणि मधली हाफपँट

मराठी विनोदी चित्रपटांचा विषय निघाला की लगेच दोन पंगती बसतात. एकीत दादा कोंडके यांची नाडी लोंबणारी हाफपँट, दुसरीत 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’त साड्या नेसून भाड्याची खोली मिळवणारे पुरुष. पहिल्या पंगतीच्या पानावर ‘पाचकळ’ वाढलं जातं, दुसरीच्या पानावर ‘निखळ’. दोन्ही पंगतींत एक नट सामाईक आहे, हे मात्र वाढप्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. बोलपटाच्या पहिल्या काळात मराठी विनोद साहित्यिकांच्या हातात होता. 1938 चा ‘ब्रह्मचारी’, 1952 चा ‘पेडगावचे शहाणे’, 1953 चा ‘गुळाचा गणपती’ ही नावं त्या काळाचा सोवळेपणा सांगण्यासाठी घेतली जातात. यातल्या पहिल्या चित्रपटात नायिका पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली होती आणि त्यावरून गहजब झाला होता, हे सांगायचं राहून जातं.

आपल्या विषयाची खरी सुरुवात 1965 च्या आसपास होते. तमाशातल्या वगाच्या अंगानं जाणारं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य शहरी रंगमंचावर आलं आणि पांढरपेशा प्रेक्षक तिकिटं काढून बतावणीला, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवालजवाबाला, हसू लागला. त्यातला हवालदार, म्हणजे दादा कोंडके, रोज ताज्या बातमीवर नवी कोटी करायचा. गिरणगावात वाढलेला, बँडपथकात वाजवलेला हा नट; त्याला नाटकाच्या परीक्षणांत हजरजबाबी म्हटलं गेलं. पुढे तोच पडद्यावर आला, 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ त्यानं स्वतःच्या पैशांनी काढला. दादरच्या थिएटरात हिंदी चित्रपटासाठी त्याला जागा नाकारली गेली तेव्हा एका राजकीय पक्षाचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. चित्रपट लागला आणि तुफान चालला. ओळीनं नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत गेली. इकडे शहरी चर्चेत मात्र ‘हजरजबाबी’ मागे पडून ‘पाचकळ’ आलं. जीभ तीच होती; फक्त आता तिच्यावर तालुक्याच्या तंबूतला माणूसही हसत होता.

इथे ‘द्व्यर्थी’ या शब्दापाशी थांबायला हवं, कारण सगळा गुंता त्यातच आहे.

शाळेत आपण श्लेष अलंकार शिकतो. ‘मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो’ यातला मित्र म्हणजे दोस्तही आणि सूर्यही. हे सांगितलं की पूर्ण गुण मिळतात. ‘शिशुपाल नवरा मी न वरी’ यालाही तेवढेच. हीच करामत लावणीत आली की ती शृंगार होते, गौळणीत मावशीच्या तोंडी आली की चावटपणा, आणि चित्रपटाच्या नावात आली की अश्लील. ‘आंधळा मारतो डोळा’ किंवा ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ यातला एकही शब्द शब्दकोशाबाहेरचा नाही. परिनिरीक्षकांची, म्हणजे सेन्सॉरवाल्यांची, पंचाईत नेमकी इथे व्हायची. कात्री लावायची तर कुठल्या अक्षराला? निर्मात्याचं उत्तर तयार असे: मला तर साधा अर्थ दिसतो, दुसरा तुम्हाला सुचला.

या बचावात लबाडी होती, पण ती जुनी, बतावणीतली लबाडी होती. तमाशातला विदूषक, म्हणजे सोंगाड्या, भाबडा असतो. तो आपल्या वाक्यावर कधीच हसत नाही. बोलून झालं की तोंड उघडं टाकून उभा राहतो आणि दुसरा अर्थ काढायचं पाप प्रेक्षकाच्या माथी येतं. हाफपँट, लोंबती नाडी, आईच्या धाकातला बावळट पोरगा हा सगळा सरंजाम त्यासाठीच. शहाण्यासुरत्या माणसाच्या तोंडी तीच वाक्यं घाला, ती तत्काळ घाण वाटतील.

शिवाय 1983 पर्यंत प्रमाणपत्रं दोनच मिळत, सर्वांसाठी किंवा फक्त प्रौढांसाठी. मधला ‘यूए’चा, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा, खण त्या वर्षी आला. जत्रेत पोराबाळांसह येणाऱ्या घरांवर ज्याचा धंदा चालतो त्याला ‘ए’ म्हणजे दुकान बंद. म्हणून एकेका शब्दावर घासाघीस होई. डिसेंबर 1991 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मग, हीन वृत्तींना उघडउघड खाद्य पुरवणारे द्व्यर्थी शब्द चालणार नाहीत, असं लेखी आलं. यातला ‘उघडउघड’ हा शब्द मला फार आवडतो. जे उघड असतं त्याला द्व्यर्थी कोण म्हणतं? शिवाय तोवर त्या नटाचा ऐन बहर ओसरलाही होता. अखेरच्या काही चित्रपटांत नाव आधी सुचलं आणि गोष्ट मागून जुळवली, असं त्याच्या चाहत्यांनाही जाणवत होतं. आणि विनोदाचं लक्ष्य बहुतेक वेळा नायिका असते, हा आक्षेप पहिल्यापासून होता. तो खोडणं कठीण आहे.

दरम्यान वारं बदललं होतं. 1975 च्या सुमारास राज्यात करपरतावा योजना आली. पुढचा मराठी चित्रपट काढला की आधीच्याचा करमणूक कर परत मिळू लागला. निर्माते टिकले, नवे आले. 1984-85 पासून शहरी धांदलीचे चित्रपट सुरू झाले: चकचकीत कपडे, मोटारसायकली, घोटाळ्यात घोटाळा. ‘धूमधडाका’ची गोष्ट तमिळमधून हिंदीत आणि तिथून मराठीत आलेली, ‘अशी ही बनवाबनवी’ची 1966 च्या एका हिंदी चित्रपटातली. प्रेक्षकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला वेग हवा होता आणि तो त्या नटसंचाकडे भरपूर होता.

‘निखळ’ हे विशेषण मुख्यतः या लाटेला चिकटलं, तेही बरंच नंतर. त्या वेळी याच चित्रपटांना आचरट, कमरेखाली नसला तरी डोक्याबाहेरचा विनोद, असं म्हणून नाकं मुरडणारे होतेच. आणि खरं सांगायचं तर पुरुषांनी बायका होऊन एका खोलीत राहणं, त्यांचं खोटं गरोदरपण, घरमालकिणीसमोरची त्यांची तारांबळ यात दुसरा अर्थ नाही असं कोण म्हणेल? पण इथे पँट पूर्ण लांबीची होती आणि भाषा पुणेरी-मुंबईची. 1975 च्या ‘पांडू हवालदार’मध्ये दुसरा हवालदार झालेला आणि 1977 च्या ‘राम राम गंगाराम’मध्ये म्हमद्या खाटीक झालेला अशोक सराफ हा नटच या नव्या घरातला कारभारी होता. टायमिंग तेच, भुवई उडवणं तेच. त्याला 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. हाफपँटवाला 1998 मध्ये गेला.

आवडीनिवडी पक्क्या केल्या त्या दूरचित्रवाणीनं. 1999 नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रविवारी दुपारी घरात काय लावता येतं, हीच चांगल्या विनोदाची व्याख्या झाली. आजीबरोबर बघता येईल ते निखळ. ज्यांनी 1988 चा चित्रपट थिएटरात पाहिलाच नाही त्या पिढीला त्याचे संवाद पाठ झाले, पुढे मोबाइलवर त्यांचे मीम झाले. हाफपँटच्या वाट्याला एवढी रविवारची दुपार आली नाही. तिची गाणी मात्र वरातीत वाजत राहिली. 2008 नंतर ‘वळू’सारखे तिरकस, मंद आचेवरचे चित्रपट आले आणि तिसरी पंगत बसली. तिला पहिल्या दोन्ही पंगती गोंगाटाच्या वाटतात.

डिसेंबर 2021 मध्ये ‘पांडू’ नावाचा चित्रपट लागला, जुन्या हवालदाराला मानवंदना म्हणून. त्यातले हवालदार झालेले दोघं नट दूरचित्रवाणीवरच्या, घरच्यांसोबत बसून बघायच्या विनोदी कार्यक्रमातून आलेले होते.