घड्याळं, नाणी आणि खोलीचे चार कोपरे

जुना अल्बम नव्या खोक्यात घालून पुन्हा विकायला आला की आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: शिळ्या कढीला ऊत. बऱ्याचदा ती बरोबरही असते. तीच टेप, आवाज जरा चढवलेला, सोबत चार जुने फोटो आणि किंमत तिप्पट. पण खोक्यावर ‘सराउंड’ किंवा ‘ॲटमॉस’ असं, म्हणजे आवाज चहूबाजूंनी येईल असं, छापलेलं असेल तर गोष्ट थोडी निराळी असते. ती कळायला आधी एक घोळ निस्तरावा लागतो. या आवृत्त्यांना सर्रास ‘रीमास्टर’ म्हणतात, आणि नेमकं तेच त्या नसतात.

स्टुडिओत ड्रम्स, बास, गिटार, गळा हे सगळं रुंद टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये उतरवतात. ती मल्टिट्रॅक टेप. मग इंजिनिअर त्या पट्ट्या कमीजास्त करून, डावी-उजवीकडे सरकवून दोन चॅनेलच्या टेपवर एकत्र आणतो. तो मिक्स. आणि त्या तयार मिक्सवर तबकडी कापण्याआधी जो शेवटचा हात फिरतो ते मास्टरिंग. रीमास्टर करणारा फक्त हा शेवटचा हात पुन्हा फिरवतो. दहीभात एकदा कालवला की वरून मीठ घालता येतं, दही परत वाडग्यात काढता येत नाही. त्यामुळे पाच स्पीकरांसाठी काही करायचं तर कालवण्याच्या आधीच्या टेपपर्यंत मागं जावं लागतं आणि सगळा मिक्स नव्यानं करावा लागतो. म्हणजे खरा शब्द ‘रीमिक्स’. पण २००० नंतर आपल्याकडे त्या शब्दाचं जे झालं, जुन्या हिंदी गाण्याखाली धाडधाड ठेका, ते आठवलं की खोक्यावर तो का छापत नाहीत ते समजतं. पाश्चात्त्य देशांतही मूळ अल्बमला कुणी हात लावला हे ऐकायला रसिकांना आवडत नाहीच.

या सगळ्या प्रवासाचा माग काढायला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’इतकं सोयीचं उदाहरण नाही. १९७३ साली आलेला हा अल्बम आजवर चार वेगवेगळ्या मांडण्यांत मिक्स झाला आहे: स्टीरिओ, चार स्पीकर, पाच स्पीकर अधिक एक सबवूफर, आणि ॲटमॉस. शिवाय इथे सराउंड ही मागाहून सुचलेली जोड नव्हती. चार कोपरे या मंडळींच्या डोक्यात आधीपासून होते.

१२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी एक पेटी वापरली. ॲबी रोड स्टुडिओतल्या बर्नार्ड स्पाइट या तंत्रज्ञानं ती बनवली होती आणि नाव होतं ॲझिमथ को-ऑर्डिनेटर. नाव भारदस्त, काम सोपं: दांडा फिरवला की आवाज सभागृहाच्या चारपैकी हव्या त्या कोपऱ्यात जायचा. पावलांचा, हसण्याचा आवाज प्रेक्षकांच्या पाठीमागून फिरवायचा असा त्यांचा खेळ. त्या रात्री साबणाचे फुगे उडवून आणि फुलं उधळून त्यांनी खुर्च्या खराब केल्या म्हणून सभागृहानं पुन्हा दारात उभं केलं नाही, आणि कार्यक्रमानंतर ती पेटीही चोरीला गेली. १९६९ मध्ये नवी करावी लागली.

१९७२ उजाडलं तेव्हा हा अल्बम रेकॉर्ड होण्याआधीच कार्यक्रमांतून वाजत होता, आणि प्रेक्षकांच्या भोवती स्पीकर लावून वाजत होता. स्टुडिओतही तीच सवय आली. ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीचा खणखणाट आठवा. बँडचा बासवादक रॉजर वॉटर्सनं घरी, बायकोच्या कुंभारकामातल्या एका वाडग्यात नाणी टाकून तो पहिल्यांदा टेपवर घेतला. नंतर ॲबी रोडमध्ये नाणी, फाटणारा कागद, कॅश रजिस्टर असा एकेक आवाज टेपच्या तुकड्यावर घेऊन, तुकडे पट्टीनं मोजून, चिकटवून त्याचं वेटोळं केलं. यंत्रातून निघालेली टेप माइकच्या स्टँडला वळसा घालून परत यंत्रात. सात ठोक्यांचं आवर्तन, आपल्या भाषेत रूपकच. चार स्पीकरांसाठी हे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले, म्हणजे नाणं एका कोपऱ्यात पडेल आणि कागद दुसऱ्या कोपऱ्यात फाटेल.

‘टाइम’मधल्या घड्याळांचंही तसंच. ॲलन पार्सन्स हा त्या वेळचा तरुण इंजिनिअर. चार चॅनेलची करामत दाखवणाऱ्या एका तबकडीसाठी त्यानं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचे टोले वेगळे टिपून ठेवले होते. तेच गाण्यात आले. स्टीरिओत ती सगळी एकदम अंगावर येतात. चार कोपऱ्यांत मात्र आपण त्या दुकानाच्या मधोमध उभे असतो.

२७ फेब्रुवारी १९७३ ला लंडनच्या प्लॅनेटेरियममध्ये पत्रकारांसाठी अल्बम वाजवायचं ठरलं. घुमटाखाली चार बाजूंनी आवाज, यापेक्षा चांगली जागा कुठली! पण चार चॅनेलचा मिक्स वेळेत झालाच नाही आणि कंपनीनं स्टीरिओवरच भागवलं. बँडमधल्या चौघांपैकी कीबोर्डवादक रिचर्ड राइट सोडून बाकी तिघं रागावून आलेच नाहीत. पाहुण्यांच्या स्वागताला बँडचे पुठ्ठ्याचे पूर्णाकृती कटआउट उभे होते.

पार्सन्सनं तो चार चॅनेलचा मिक्स पुढे पूर्ण केला आणि तो त्याच वर्षी तबकडीवर आलाही. अडचण तबकडीचीच होती. खोबण एक, तिच्या भिंती दोन, आणि त्यात चार चॅनेल बसवायचे. सीबीएसची एसक्यू आणि सान्सुईची क्यूएस या दोन पद्धती चार चॅनेल गणितानं दोनात गुंडाळायच्या आणि घरी यंत्र ते उलगडायचं. पण उलगडताना पुढचं मागं झिरपायचं. साध्या एसक्यू डीकोडरवर पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधला फरक जेमतेम ३ डेसिबल, म्हणजे जवळपास नाहीच. जेव्हीसीची सीडी-४ पद्धत खऱ्या अर्थानं चार चॅनेल वेगळे ठेवायची, पण त्यासाठी ३० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकूच न येणारा वाहक-स्वर खोबणीत कोरलेला असे. तो वाचायला खास घडणीची सुई लागे, आणि जाड सुईनं चार वेळा वाजवली की तबकडीवरचा तो स्वर घासून जाई. एका पद्धतीची तबकडी दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. तीन तिघाडा, काम बिघाडा. दुकानदारालाही धड समजावता येत नव्हतं, आणि दशक संपायच्या आत हे प्रकरण आटोपलं. मिक्स मात्र कपाटांत राहिले.

कल्पना पूर्ण मेली नाही, ती सिनेमाच्या आडोशाला गेली. चार चॅनेल दोनात गुंडाळायची हीच युक्ती डॉल्बीनं चित्रपटांसाठी उचलली. पुढे डीव्हीडी आली आणि १९९० च्या दशकाअखेरीस लोकांनी सिनेमासाठी घरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर आणून ठेवला. गाण्यासाठी जे कुणी केलं नव्हतं ते पिक्चरसाठी केलं. संगीत कंपन्यांना आयती बैठक मिळाली.

त्यांनी ती लगेच उधळलीही. १९९९ ला सोनी-फिलिप्सची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी), २००० ला डीव्हीडी-ऑडिओ. दोन्हींत सराउंड, दोन्हींचा तपशील सीडीपेक्षा बारीक, आणि एकीच्या यंत्रावर दुसरी चालत नाही. सत्तरच्या दशकातून कुणी काही शिकल्याचं दिसत नव्हतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. डीव्हीडी-ऑडिओवर सहाही चॅनेल ९६,००० नमुने आणि २४ बिटांपर्यंत. एसएसीडीची रीत वेगळी, एकेका बिटाचे सेकंदाला २८ लाखांवर ठिपके. हे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असत. मात्र नक्कल होईल या भीतीनं हा बारीक आवाज डिजिटल वायरीतून बाहेर सोडायला कंपन्या तयार नव्हत्या. मग यंत्र ते ॲम्प्लिफायर सहा वेगवेगळ्या वायरी.

आकड्यांबद्दल माझं मत थोडं खडूस आहे. सीडी आणि ‘हाय-रेझ’, म्हणजे हे जास्त बारीक तपशिलाचे प्रकार, यांतला फरक, मिक्स तोच असेल तर, बहुतेक कानांना ऐकू येत नाही, माझ्या तरी नाही. लोक ज्याला ‘हाय-रेझची कमाल’ म्हणतात ती अनेकदा मिक्स करणाऱ्याची कमाल असते.

‘डार्क साइड’ची एसएसीडी २००३ मध्ये आली. मिक्स जेम्स गथ्रीचा, जो १९७९ च्या ‘द वॉल’चा सहनिर्माता होता. मूळ अल्बमच्या वेळी सोळाच ट्रॅक होते आणि ते भरले की जमलेलं काही ट्रॅकवर एकत्र उतरवून दुसऱ्या टेपवर पुढचं काम चालायचं. यात आवाज एक पिढी मागे पडतो, छायाप्रतीची छायाप्रत काढल्यासारखा. गथ्री पहिल्या पिढीच्या टेपांपर्यंत मागं गेला आणि ते ट्रॅक जुळवून घेतले. म्हणजे १९७३ च्या स्टीरिओत ड्रम्स ज्या स्वच्छतेनं कुणी ऐकले नव्हते त्या स्वच्छतेनं ते ऐकू आले. ही करामत आकड्यांची नव्हती, जुन्या टेपा जपून ठेवणाऱ्याची होती.

पार्सन्सला मात्र या कामासाठी विचारलं गेलं नव्हतं, आणि त्याची खंत त्यानं जाहीरपणे बोलून दाखवली. काही ठिकाणी गथ्री मूळ स्टीरिओला जास्तच चिकटून राहिला, असंही त्याचं म्हणणं. २०११ च्या मोठ्या संचात दोघांचे मिक्स शेजारी आले आणि तुलना करणं सोपं झालं. गथ्रीचा नेटका आहे, कुठे दात लागत नाही. पार्सन्सचा धसमुसळा, एखाद्या पोरानं नवं खेळणं चारी भिंतींवर आपटावं तसा. मला तोच आवडतो. पण मूळ कुठला, हे विचारलं तर उत्तर देता येत नाही.

या प्रश्नावर दुसऱ्या टोकाची भूमिका घेणारा माणूस म्हणजे संगीतकार स्टीव्हन विल्सन. २००९ पासून किंग क्रिमझनचे, मग जेथ्रो टल, येस या बँडचे अल्बम त्यानं किंग क्रिमझनचा रॉबर्ट फ्रिप आणि इतर मूळ कलाकारांच्या संमतीनं नव्यानं मिक्स केले. त्याची पद्धत शिस्तीची: आधी मल्टिट्रॅकवरून मूळ स्टीरिओ मिक्स जसाच्या तसा पुन्हा उभा करायचा, कोणता प्रतिध्वनी किती, कोणतं वाद्य कुठे, हे मूळ टेपशी सतत ताडून. तो जुळला की मगच तो खोलीभर पसरायचा. म्हणजे आधी आजीच्या हातची चव जमवायची, नवीन ताट नंतर.

टेप असेल तर हे सगळं. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही अमेरिकी टेपांतला चिकट थर हवेतली ओल शोषून घेतो आणि टेप यंत्रात अडकून चिकटते. उपाय ऐकून हसू येतं: टेप साधारण ५४ अंशांवर काही तास भाजायची. त्यानंतर थोडे दिवस ती वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. साठच्या दशकातल्या जुन्या टेपा बऱ्याचदा यापेक्षा धडधाकट निघतात. आणि १ जून २००८ ला हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागून टेपांचं एक कोठार जळालं. जळालेलं नेमकं किती, यावर वाद आहे. जळालेल्याला भाजून उपयोग नाही.

दह्याची उपमा मी वर दिली खरी, पण ती आता तितकीशी टिकत नाही. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चा २०१७ मधला नवा मिक्स जाइल्स मार्टिननं एकत्र उतरवण्याआधीच्या टेपा जुळवून केला. त्यांच्याच ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमला मात्र ती सोय नव्हती. त्यातल्या ‘टॅक्समन’ गाण्यात गिटार, बास आणि ड्रम्स एकाच ट्रॅकवर होते. २०२२ साली चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूनं घडवलेल्या यंत्रशिक्षणाच्या प्रणालीनं ते एकमेकांपासून सोडवले आणि मग त्याचा ॲटमॉस मिक्स झाला. दहीभातातून दही निघालं. त्याची चव तीच राहते का, हे प्रत्येकानं आपल्या कानानं ठरवायचं.

ॲटमॉस हे मुळात २०१२ चं सिनेमागृहातलं तंत्र. इथे आवाज अमुक स्पीकरात टाकत नाहीत, तर खोलीत कुठे, किती उंचीवर असावा हे लिहून ठेवतात आणि समोर जेवढे स्पीकर असतील त्यांत यंत्र ते वाटून देतं. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकनं ते फोनवर आणलं. म्हणजे चार कोपऱ्यांचा हा सगळा खटाटोप बहुतेक लोक शेवटी दोन कानांतल्या दोन बोंडांवर ऐकतात. हसू नये, कारण आमच्या घरी निराळं काही नाही. मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरच्या दिशेपासून साधारण ११० अंशांवर असावेत असं आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. आमच्या हॉलच्या त्या कोनात स्वयंपाकघराचं दार येतं. डावा मागचा स्पीकर फ्रीजवर आहे, आणि ‘टाइम’मधली घड्याळं वाजताना कॉम्प्रेसर सुरू झाला तर तोही ताल धरतो.

‘डार्क साइड’चा ॲटमॉस मिक्स २०२३ साली पन्नाशीच्या संचात आला, पुन्हा गथ्रीचाच. त्याच वर्षी जगभरच्या अनेक प्लॅनेटेरियममध्ये घुमटावरच्या चित्रांसोबत हा अल्बम वाजवला गेला, आणि या वेळी प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी. पुठ्ठ्याचे कटआउट होते की नाही ते विचारू नका.