पॅट व्हेंडेटी (स्विच पिचर)

पॅट व्हेंडेटी (जन्म ३० जून १९८५, ओमाहा, नेब्रास्का) हा अमेरिकन बेसबॉलमधला दोन्ही हातांनी बॉल टाकणारा पिचर. २०१५ ते २०२० या काळात सहा टीमांकडून मिळून मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) ६१ मॅच खेळला, सगळ्या रिलीफ पिचर (मॅचच्या मध्येच दुसऱ्याच्या जागी येणारा) म्हणून किंवा तशाच छोट्या कामगिरीसाठी. आकडे बघितले तर करिअर साधंच, पण नोंद करावी लागते ती त्याच्यामुळे आलेल्या नियमासाठी.

दोन्ही हातांनी टाकणारा पहिला कोण, यावर मात्र एकमत नाही. सगळ्यात जुनं नाव टोनी मुलेनचं घेतात, १८८२ च्या जुलैत (बहुधा १८ तारखेला) लुईव्हिलकडून त्यानं हात बदलले. पुढे १८८४ मध्ये शिकागोच्या लॅरी कॉर्कोरननं आणि १८८८ मध्ये एल्टन चेंबरलेननं तेच केलं असं धरतात, काही जण चौथं नावही जोडतात पण ते तितकंसं पक्कं वाटत नाही. कॉर्कोरनचं तर उजव्या हाताचं बोट सुजलं होतं म्हणून डावा हात वापरला, म्हणजे ती अडचणीतली सोय होती, कौशल्य म्हणून मोजायचं का हा प्रश्नच आहे. शिवाय तेव्हा पिचर सहसा ग्लोव्ह न घालताच टाकायचे त्यामुळे हात बदलायला काही अडायचं नाही. विसाव्या शतकात एकच नाव, ग्रेग हॅरिस. २८ सप्टेंबर १९९५ ला माँट्रियल एक्सपोजकडून सिनसिनाटीविरुद्ध त्यानं एकाच इनिंगमध्ये दोन्ही हात वापरले, पण ते करिअरच्या अगदी शेवटी, जवळजवळ हौस म्हणून. रोजचं काम म्हणून दोन्ही हातांनी टाकणारा आधुनिक काळातला पहिला व्हेंडेटीच म्हणावा लागेल.

तो मूळचा उजवा. वडिलांनी तीन वर्षांचा असल्यापासून दोन्ही हातांची सवय लावली, फुटबॉललाही दोन्ही पायांनी किक मारायला लावायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी शरीर सारखं वळायला शिकेल. क्रेटन युनिव्हर्सिटीत खेळला, २००७ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) ४५ व्या राउंडला घेतलं तेव्हा सही केली नाही, २००८ ला २० व्या राउंडला केली. त्याचा ग्लोव्ह मिझुनो कंपनीनं खास बनवलेला, मध्ये चार बोटं आणि दोन्ही टोकांना एकेक अंगठा. एक हात बाहेर काढला की दुसरा त्याच ग्लोव्हमध्ये घुसतो.

फायदा समजायला सोपा आहे. उजव्या बॅटरला उजवा पिचर जड जातो, डाव्याला डावा. म्हणून तर स्विच हिटर असतात, पिचर बघून बाजू बदलणारे. पण समोरचा पिचरही बदलणारा निघाला तर? १९ जून २००८ ला यांकीजच्या मायनर लीगमधल्या (खालच्या पातळीवरच्या) स्टेटन आयलंड टीमकडून व्हेंडेटीच्या प्रोफेशनल पदार्पणातच हे झालं. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना ब्रुकलिनचा स्विच हिटर राल्फ हेन्रिकेझ आला, तो बाजू बदलणार की हा ग्लोव्ह बदलणार, परत तो, परत हा, कितीतरी वेळ एकही बॉल पडेना. शेवटी अंपायरनी हेन्रिकेझला उजव्या बाजूनं उभं केलं आणि तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला.

त्यानंतर काही दिवसांतच मायनर लीगच्या अंपायर संघटनेनं नियम काढला: पिचरनं रबरवर (जिथून बॉल टाकतात ती पट्टी) पाय ठेवताना ग्लोव्ह ज्या हातात असेल त्यावरून कुठल्या हातानं टाकणार ते ठरलं, मग बॅटरनं बाजू निवडायची, एक बॉल पडल्यावर दोघांनाही एकेकदाच बदल करता येईल. पुढे मेजर लीगच्या नियमात हे आणखी आवळलं गेलं, आता त्या बॅटरचा निकाल लागेपर्यंत पिचरला हात बदलताच येत नाही, दुखापत झाली तरच, आणि मग तो दुखरा हात त्या मॅचमध्ये परत वापरायचा नाही. लोक याला 'व्हेंडेटी रूल' म्हणतात. नीट बघितलं तर यात झुकतं माप बॅटरला आहे, कारण पहिले पत्ते पिचरला उघडावे लागतात. (क्रिकेटमध्येही हात बदलायचा तर बॉलरनं आधी अंपायरला सांगावं लागतं, नाहीतर नो बॉल, विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी स्पिन टाकतो तो असंच सांगून.)

मेजर लीगला पोचायला सात वर्षं लागली, मध्ये २०१२ ला उजव्या खांद्याची दुखापतही झाली. स्पीड ताशी ८५ मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशोबानं हळूच. डावा हात साइडआर्म (बाजूनं आडवा फिरवून), त्यानं स्लायडर (बाजूला वळणारा बॉल), उजवा बराच वरून. एकाच हातावर इतक्या कमी स्पीडनं तो टिकला असता का, शंकाच आहे. ५ जून २०१५ ला ओकलंडकडून बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पहिली मॅच, दोन इनिंग, एकही रन नाही. त्या सीझनमध्ये २६ मॅच, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी, कमी तितकी चांगली) ४.४०. मग टोरांटो, सिएटल. सगळ्यात चांगला काळ २०१८ मध्ये डॉजर्सकडे, १५ मॅच, ईआरए २.५७. नंतर सॅन फ्रान्सिस्कोकडून दोन, मायामीकडून तीन, बस. मधे २०१३ ला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये इटलीकडूनही खेळला.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये सिएटलनं १५ व्या नंबरवर हुरांगेलो सेंचा हा कुरासाओत वाढलेला स्विच पिचर घेतला. तो मूळचा डावा, पण स्पीड जास्त उजव्या हाताला.